तानपुऱ्याला गोंगाट समजणारे यंत्र

२०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातील असंख्य संगीतशिक्षकांनी आयुष्यात प्रथमच संगणकासमोर बसून शिकवणी घेतली. पुण्यातील गुरू आणि नाशिकमधील किंवा न्यू जर्सीतील शिष्य यांच्यामध्ये एक पडदा होता. पण शिक्षण थांबले नाही, याचे समाधान होते. मात्र पहिल्या काही दिवसांतच एक विचित्र अनुभव येऊ लागला. गुरूंनी तानपुरा लावला की त्यांना तो ऐकू येई, शिष्याला ऐकू येत नसे. गायिलेला षड्ज दीर्घकाळ टिकविला, की तोही मध्येच विरून जाई. दोष तानपुऱ्यात नव्हता आणि गळ्यातही नव्हता. कार्यालयीन बैठकांसाठी बनविलेल्या त्या सॉफ्टवेअरला मनुष्याचे बोलणे तेवढे राखायचे आणि पंखा, वातानुकूलन यंत्र यांची अखंड घरघर कापून काढायची, एवढेच शिकविलेले होते. एका पट्टीत अखंड चालणारा ध्वनी म्हणजे गोंगाट, ही त्याची व्याख्या. त्या व्याख्येत तानपुरा अचूक बसला आणि कापला गेला. पुढे संगीतकारांसाठी ‘मूळ ध्वनी’ तसाच पाठविण्याची सोय सुधारली, हे खरे. पण ती नंतर.

यात कोणाचे कारस्थान नव्हते. आमच्या काही उत्साही मित्रांना प्रत्येक गोष्टीत कट दिसतो. येथे तो शोधण्याचे कारण नाही. ज्या अभियंत्यांनी ती आज्ञावली लिहिली त्यांच्यासमोर तानपुरा नव्हता, इतकेच. प्रश्न वेगळाच आहे आणि तो आपल्याला बोचला पाहिजे. जगभरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत भारतीय अभियंते मोठ्या संख्येने आहेत. मराठी घरांतील मुले-मुली तर त्यात भरपूर. त्यांतील कित्येकांच्या घरी कोपऱ्यात खोळीत गुंडाळलेला तानपुरा उभा आहे. तरीही तानपुरा हा संगीताचा आधारस्वर आहे, ही साधी गोष्ट यंत्राच्या कानापर्यंत पोहोचविणारे आपल्यातून वेळेवर कोणी पुढे आले नाही. का आले नाही?

याचे उत्तर आपल्या मध्यमवर्गीय घरांच्या रचनेत आहे. तबल्याच्या तीन-चार परीक्षा दिलेला मुलगा दहावीला पोहोचला की तबला माळ्यावर जातो. बारावी, अभियांत्रिकी, मग एखाद्या मोठ्या कंपनीतील नोकरी आणि परदेशी बँकेच्या हिशेबाची आज्ञावली दुरुस्त करण्यात गेलेली वर्षे. संगीत हा छंद आणि सॉफ्टवेअर हा व्यवसाय, अशी भिंत आपण स्वतःच उभी केली आहे. ‘संगीताने पोट भरते का?’ हा आई-वडिलांचा प्रश्न अयोग्य नाही. कलावंतांची ओढाताण त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. परंतु संगीत आणि संगणक यांच्या सांध्यावर आज एक स्वतंत्र व्यवसायक्षेत्र उभे आहे आणि तेथे दोन्ही जाणणारी माणसे दुर्मीळ आहेत, हे त्या घरांपर्यंत अद्याप पोहोचलेले नाही.

दोन बासरीवादकांची उदाहरणे येथे सांगण्यासारखी आहेत. बंगळूरचे जी. राजनारायण हे हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये अभियंते होते आणि कर्नाटक शैलीचे बासरीवादकही. प्रवासात तानपुरा आणि साथीदार नेणे जिकिरीचे होते, ही त्यांची स्वतःची अडचण. त्यातून १९७९ च्या सुमारास त्यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा सिद्ध केला, पुढे ‘रॅडेल’ ही कंपनी उभी केली आणि आज त्या धर्तीची पेटी नाही असा संगीतवर्ग शोधावा लागेल. दुसरे, अमेरिकेतील अँडी हिल्डेब्रँड. तेही तरुणपणी बासरी वाजवीत. व्यवसायाने मात्र जमिनीखालील तेलसाठे शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे गणित करणारे शास्त्रज्ञ. तेच गणित त्यांनी गाणाऱ्याच्या गळ्याला लावले आणि १९९७ मध्ये ‘ऑटो-ट्यून’ बाजारात आले. सूर हलला तर तो जवळच्या स्वरावर ओढून आणणारी ही आज्ञावली आज जगाच्या चित्रपटसंगीतात सर्रास वापरली जाते. दोघांच्याही हाती बासरी होती आणि दोघांनाही गणित येत होते. मोबाइलवर तबला-तानपुरा पुरविणारे ‘आयतबला प्रो’ हे प्रसाद उपासनी यांचे सॉफ्टवेअरही याच कुळातील. कितीतरी कलावंतांच्या रोजच्या रियाजात ते आज सोबतीला असते.

आता ‘ऑटो-ट्यून’ ज्या ‘जवळच्या स्वरा’कडे सूर ओढते, तो स्वर कोणाचा, हे पाहू. पाश्चात्त्य पियानोची सप्तके बारा समान भागांत विभागलेली आहेत. प्रत्येक भागाचे शंभर ‘सेंट’ मानले तर त्या पद्धतीत शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. परंतु तानपुरा नीट मिळविला की त्याच्या तारेतून जो गंधार स्वयंभू उमटतो, तो ३८६ सेंटच्या आसपास असतो. शुद्ध धैवताचे अंतर तर सुमारे १६ सेंटचे. सामान्य श्रोत्याला हा फरक क्षुल्लक वाटेल. तानपुऱ्यासमोर बसलेल्या गायकाला तो खड्यासारखा लागतो. १९८३ साली ठरलेली ‘मिडी’ ही वाद्ययंत्रांची जागतिक भाषाही मुळात कळफलकाच्या पट्ट्यांना शून्य ते १२७ असे क्रमांक देणारी. दोन पट्ट्यांच्या मध्ये आपले सारे वैभव, म्हणजे मींड, आंदोलन, कण, ते त्या भाषेत ओढूनताणून बसवावे लागे. २०२० मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक स्वराला स्वतंत्रपणे हलविण्याची सोय झाली आहे. दार उघडले आहे. आत कोणी जायचे हा प्रश्न आहे.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. पेटी ही परकीय, तिच्या पट्ट्या ठरीव, त्यावर श्रुती निघत नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. पण त्याआधी कितीतरी वर्षे गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीला मराठी रंगभूमीची भाषा बोलायला लावले होते. बंदीने पेटी मागे हटली नाही आणि बंदीने श्रुतींचा प्रश्नही सुटला नाही. तो सोडविण्याचा खरा मार्ग सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी दाखविला होता. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवलांचे हे बंधू सरकारी अधिकारी होते. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा समोर ठेवून स्वरांतरे मोजली, १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले आणि श्रुती वाजविणाऱ्या पेटीचा पाठपुरावा केला. कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये मृदंग-तबल्याच्या शाईमुळे त्याचे नाद स्वरमेळात कसे येतात हे गणिताने दाखविले, तेही याच काळात. आमच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींच्या पेटीचा ध्यास घेतला. त्यांच्या श्रुतिगणनेशी सर्व विद्वान सहमत नाहीत आणि तसे असण्याचे कारणही नाही. परंतु ‘आपले संगीत श्रेष्ठ’ असे व्याख्यानात सांगण्यापेक्षा ते मोजून, यंत्रात उतरवून लोकांच्या हाती देणे हे शतपटीने कठीण काम आहे, आणि ते या मंडळींनी केले.

सामवेदापासून संगीताची परंपरा सांगणारी भाषणे आपल्या व्यासपीठांवर पुष्कळ होतात. त्या परंपरेचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु २०११ ते २०१७ या काळात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताची संगणकीय मीमांसा करणारा एक मोठा प्रकल्प बार्सिलोनाच्या विद्यापीठात झाला, त्याचा खर्च युरोपीय संशोधन परिषदेने उचलला, हे त्या भाषणांत येत नाही. ‘कॉम्पम्युझिक’ नावाच्या त्या प्रकल्पाचे प्रमुख झेवियर सेर्रा यांची भूमिका अशी, की पाश्चात्त्य संगीतावर बेतलेली मोजमापे सर्वांना लावणे अशास्त्रीय आहे. प्रत्येक परंपरेला तिच्याच व्याकरणाने समजून घेतले पाहिजे. ही भूमिका आपली असायला हवी होती. समाधान एवढेच की या कामात भारतीय संशोधक होते, मुंबई आयआयटीतील प्रा. प्रीती राव आणि त्यांचे विद्यार्थी गाण्यातील सुरावट वेगळी काढण्याच्या विषयात आधीपासून काम करीत होते, आणि त्या प्रकल्पात घडलेल्या तरुणांनी बंगळूरला येऊन ‘रियाज’ हे गायनशिक्षणाचे उत्पादन उभे केले. संशोधनातून उद्योग उभा राहतो तो असा.

दरबारी कानड्याचा गंधार घ्या. तो अतिकोमल आणि सतत आंदोलित. बारा पट्ट्यांच्या फूटपट्टीने गुण देणारे यंत्र उत्तम दरबारी गाणाऱ्या विद्यार्थ्याला नापास करील आणि सपाट गाणाऱ्याला शाबासकी देईल. आज मुले मोबाइलवर सूर तपासू लागली आहेत. त्यांच्या कानांवर कोणती फूटपट्टी बसते, याची काळजी करण्याची वेळ आताची आहे. पिढी घडून गेल्यावर परिसंवाद भरवून उपयोग नाही. रागाचे चलन समजणारे, आंदोलन आणि बेसूर यांत फरक करणारे, ठेक्याची मात्रा विलंबितातही न चुकता ओळखणारे सॉफ्टवेअर अद्याप पूर्णतेला गेलेले नाही. तेथे वाव आहे.

वाव किती, याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा. आंतरराष्ट्रीय ध्वनिमुद्रण उद्योग महासंघाच्या अहवालानुसार २०२४ मध्ये ध्वनिमुद्रित संगीताची जागतिक उलाढाल २९.६ अब्ज डॉलर होती आणि तिचा ६९ टक्के वाटा महाजालावरून प्रवाहित होणाऱ्या संगीताचा होता. म्हणजे हा उद्योग आता तबकड्यांचा राहिलेला नाही. तो सॉफ्टवेअरचा उद्योग झाला आहे. परंतु येथे एक इशारा दिला पाहिजे. ‘आपलेही एक गाणी ऐकविणारे ॲप’ ही कल्पना घेऊन येणारे तरुण आम्हांस भेटतात. त्यांनी ती कल्पना सोडून द्यावी. एअरटेलसारख्या बलाढ्य कंपनीने आपली ‘विंक’ सेवा २०२४ मध्ये बंद केली; त्याच वर्षाच्या प्रारंभी ‘रेसो’नेही भारतातून गाशा गुंडाळला. फुकट ऐकण्याची सवय लागलेला श्रोता आणि प्रत्येक गाण्यामागे हक्कधारकाला द्यावे लागणारे पैसे, या दोहोंच्या कात्रीत भांडवलदारही टिकत नाहीत.

संधी आहे ती अवजारे बनविण्यात. ध्वनिमुद्रण कक्षात वापरल्या जाणाऱ्या आज्ञावल्या, त्यांना जोडायची छोटी उपकरणे, वाद्यांचे नमुनासंच, शिकविण्याची साधने, हक्कांची नोंद ठेवणाऱ्या प्रणाली. ‘एबलटन’ ही कंपनी १९९९ मध्ये बर्लिनमध्ये मूठभर संगीतप्रेमी अभियंत्यांनी सुरू केली; तिचे सॉफ्टवेअर आज जगभरच्या रंगमंचांवर चालते. भारतीय वाद्यांचे सॉफ्टवेअर विकणारी नामांकित ‘स्वर सिस्टिम्स’ कंपनी स्वित्झर्लंडची आहे, हे वाचून वाचकांना काय वाटेल ते वाटो. त्या कंपनीचा दोष नाही. तिने मेहनत केली.

या कामासाठी लागणारे कौशल्य मात्र संकेतस्थळे बांधण्याहून निराळे आहे, हे तरुणांना स्पष्ट सांगितले पाहिजे. एका सेकंदाला ४८,००० नमुने येत असतात. समजा २५६ नमुन्यांचा एक घास घेतला, तर संगणकाला हिशेब पुरा करायला पाच सहस्रांश सेकंदांहून थोडाच अधिक वेळ मिळतो. तेवढ्यात काम झाले नाही तर ध्वनीत ‘टक्’ असा आवाज येतो आणि मैफलीत त्याला क्षमा नाही. म्हणून येथे आजही सी प्लस प्लस भाषेचे राज्य आहे, ध्वनिसंस्करणाचे गणित अपरिहार्य आहे, ‘ज्यूस’सारखी चौकट शिकावी लागते. यांत्रिक शिक्षणाच्या कामासाठी पायथॉन पुरते. विद्युत अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात ‘सिग्नल’ हा विषय पाठांतराने उत्तीर्ण होणाऱ्यांना येथे जागा नाही. पण ज्याने तानपुरा मिळविताना जवारीचा धागा सरकवून नाद उघडताना ऐकला आहे, त्याला त्या विषयातील लहरींचे विघटन पुस्तकाआधीच कळलेले असते.

परदेशस्थ मराठी कुटुंबांचा विचार केला तर शिक्षणाचे क्षेत्र विशेष फलदायी आहे. मुलांनी एखादा अभंग, एखादे नाट्यपद म्हणावे असे वाटणारे पालक अमेरिका, इंग्लंड, आखाती देश येथे सर्वत्र आहेत. अडचण विलंबाची आहे. ध्वनी हवेतून दहा मीटर जायला साधारण २९ सहस्रांश सेकंद लागतात. इतका विलंब साथसंगतीला कसाबसा सोसवतो. पुणे ते कॅलिफोर्निया हे अंतर त्याच्या कितीतरी पट विलंबाचे, म्हणून दोन टोकांना बसून एकत्र गाणे निसर्गनियमानेच अशक्य. मग तबला शिष्याच्याच यंत्रात वाजवावा, गुरूकडे शिष्याचे गाणे सम जुळवून पोहोचावे, अशा युक्त्या योजाव्या लागतात. अशा युक्तीला बाजार आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासूनच्या परीक्षांना बसणारे विद्यार्थी गावोगावी आहेत; त्यांचा अभ्यासक्रम ठरलेला, राग ठरलेले. भातखंडे लिपीत बंदिश टंकित करणे आजही डोकेदुखी आहे: खालची चंद्रकोर, वरचा बिंदू, मात्रांचे खण, सारे हाताने जुळवीत बसावे लागते. एखाद्या चिकाट्या विद्यार्थ्याने एवढे एक काम नीट केले तरी शेकडो शिक्षक त्याला दुवा देतील आणि पैसेही.

सर्वांत दुर्लक्षित क्षेत्र नोंदींचे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षरांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. गीतकार, संगीतकार, गायक, वादक यांची नोंद त्याला जोडलेली असेल तर पैसे योग्य हाती जातात. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा सुरक्षित केला. १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस ही संस्था तो गोळा करून वाटते. पण मराठी गाण्यांच्या नोंदी पाहा. एकाच कवीचे नाव रोमन लिपीत चार तऱ्हांनी, संगीतकाराच्या जागी चित्रपटाचे नाव, भजनाच्या पुढे नुसतेच ‘पारंपरिक’. ‘आठवणीतली गाणी’ने गीत, संगीत, स्वर, राग यांची नोंद ज्या निष्ठेने ठेवली, ती निष्ठा व्यावसायिक मंचांवर दिसत नाही. उलटा अन्यायही होतो: कोणाच्याही मालकीची नसलेली जुनी बंदिश एखाद्या कलावंताने गायिली, की यंत्र आपोआप तिच्यावर दुसऱ्याच कंपनीचा हक्क सांगते. ‘मानापमान’ १९११ चे. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, टेंबे १९५५ मध्ये. मृत्यूनंतर साठ वर्षांची कायदेशीर मुदत दोघांचीही संपली आहे. ती पदे आज साऱ्या समाजाची आहेत. हे यंत्राला सांगणारी, पुराव्यानिशी सांगणारी सूची कोणी तरी बांधली पाहिजे. हा समाजाच्या हिताचा उद्योग आहे आणि कंपन्या त्यासाठी पैसे मोजतील असाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या प्रश्नाला आणखी धार आणली आहे. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंह यांच्या आवाजाची यांत्रिक नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाचे संरक्षण मिळाले. ए. आर. रहमान यांनी मात्र २०२४ च्या एका तमिळ चित्रपटगीतासाठी दिवंगत गायकांचे आवाज त्यांच्या कुटुंबीयांची अनुमती घेऊन आणि मोबदला देऊन यंत्राद्वारे वापरले. तंत्र एकच, वागणूक भिन्न. आपल्या घरातील जो तरुण हे तंत्र शिकेल, तो कोणत्या पंक्तीत बसतो, हे त्याच्या कौशल्यावर नव्हे तर संस्कारांवर ठरेल.

शासनाची दृष्टी या दिशेने वळली आहे. मे २०२५ मध्ये मुंबईत ‘वेव्ह्ज’ परिषद झाली, त्याच वर्षी सर्जनशील तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्थाही मुंबईत सुरू झाली. परंतु चर्चा प्रामुख्याने सचेतनपट आणि खेळ यांची होते. संगीत पुरवणीसारखे येते. संगीत महाविद्यालये आणि अभियांत्रिकी महाविद्यालये एकाच शहरात असून एकमेकांची तोंडे पाहत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणाने विषयांच्या भिंती पाडण्याची मुभा दिली आहे. ती वापरण्यासाठी आपल्या परिवारातील प्राचार्यांनी एखादे सत्र तरी पुढाकार घ्यावा. संघाच्या घोषात रागांवर आधारित रचना आल्या, त्या कोणी तरी वाद्यांच्या मर्यादा ओळखून, स्वर मोजून बसविल्या म्हणून आल्या.

आणि मिरज. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागिरांचा तानपुरा, तसेच ढोलकी, संबळ, तुणतुणे, चौंडके ही आपली लोकवाद्ये नमुनासंचांसाठी ध्वनिमुद्रित होण्याच्या रांगेत आहेत. नमुनासंच म्हणजे वाद्याचा प्रत्येक आघात एकदा मुद्रित करून तो सहस्रावधी वेळा विकणे. वादकाला मिळते ती एका दिवसाची बिदागी. नंतर त्याचीच ढोलकी त्याचे काम काढून घेते. उद्योग उभारू पाहणाऱ्या मराठी तरुणांनी ही रीत उचलू नये. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचामागे वादकाचा आणि वाद्य घडविणाऱ्याचा वाटा करारातच लिहिलेला असावा, संचावर दोघांचीही नावे असावीत. तो करार मराठीत असावा आणि सहीपूर्वी त्या कलावंताला त्याच्या घरी बसून, त्याच्या मुलांसमक्ष वाचून दाखविला जावा.